अमेरिकेत शाळेत प्रार्थनेवर बंदी? नाही हो
आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की 1962 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मुलांना शाळेत प्रार्थना करायला बंदी घातली आणि येशूला वर्गाबाहेर काढलं. असं झालेलं नाहीये, प्लीज फॉरवर्ड करू नका. न्यूयॉर्कच्या सरकारी शिक्षण मंडळाने स्वतः एक प्रार्थना लिहिली होती, इंग्रजीत जेमतेम 22 शब्दांची, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर, देशावर आशीर्वाद असू दे अशी, आणि ती रोज सकाळी वर्गात म्हणायची, तर लाँग आयलंडच्या काही पालकांनी केस केली आणि कोर्ट एवढंच म्हणालं की प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं काम नाही. आजही तिथे एखादी मुलगी पेपरच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करू शकते, बायबल क्लबसुद्धा चालतात, त्यासाठी 1984 चा कायदाच आहे.

आणि चर्च-सरकार वेगळं ठेवणं म्हणजे ख्रिस्तीविरोधी कट, हेही चूक. अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन, त्याचं 1802 चं ते चर्च आणि सरकार यांच्यातल्या 'भिंती'वालं पत्र कोणाला होतं? कनेक्टिकट राज्यातल्या बॅप्टिस्टांना, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्याच लोकांना! तिथे दुसऱ्याच चर्चला सरकारी मान्यता होती, त्याचा जाच या विश्वासू लोकांनी सोसलेला, म्हणून तर त्यांनीच आधी त्याला लिहिलं होतं.