बोट मेल रामसेतूवरून कधीच धावली नाही

जुन्या पांबन पुलाचा फोटो टाकून तो मेसेज परत फिरायला लागलाय, की इंग्रजांच्या काळात मद्रासहून थेट कोलंबोला ट्रेन जायची, रामसेतूवर रूळ होते आणि १९६४ च्या वादळात अख्खी बोट मेल पुलासकट समुद्रात गेली. रामेश्वर करून आलेली माणसंही हे फॉरवर्ड करतायत म्हणून लिहितोय.

थेट ट्रेन नव्हतीच. बोट मेल ही गाडी मद्रासच्या एग्मोर स्टेशनहून रामेश्वर बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला यायची, तिथे धक्क्यावर लोक सामानसुमान घेऊन स्टीमरमध्ये चढायचे आणि पलीकडे तलाईमन्नारला उतरून सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, गाडीत बसायचे. तिकीट मात्र मद्रास ते कोलंबो एकच मिळायचं, घोळ बहुतेक तिथूनच सुरू झालाय. समुद्रावरून रूळ न्यायचा विचार झाला होता, पण खर्च बघून सोडून दिला. आणि मुळात आपल्याकडची ती लाईन मीटरगेज, रुळांमधलं अंतर १ मीटर, आणि सिलोनची ब्रॉडगेज, साडेपाच फूट, मग एकच गाडी दोन्हीकडे धावणार कशी, एवढं तरी बघा ना.

फोटोतला पूल रामसेतूवर नाहीये. १९१४ चा हा पूल मंडपम आणि रामेश्वर बेट जोडायचा, रामसेतू बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, धनुष्कोडीच्या पुढे. वादळात पुलाचे बरेचसे गर्डर (लोखंडी तुळया) समुद्रात पडले हे खरं, पण ई. श्रीधरन (हो, आपले कोकण रेल्वेवाले) आणि त्यांच्या लोकांनी तेच गर्डर शोधून वर काढले आणि ४६ दिवसांत पूल परत चालू केला.

वादळात गेली ती ६५३ नंबरची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर. २२ डिसेंबरची रात्र, धनुष्कोडी अगदी जवळ आलेलं आणि सिग्नल मिळेना, ड्रायव्हर थांबला, वाट बघितली, शेवटी लांब शिट्टी देऊन अंधारात गाडी पुढे काढली असं सांगतात, आणि लाटेने सहाच्या सहा डबे ओढून नेले. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांच्या गाडीचं नाव पुसून तिथे बोट मेल लिहिणं मला खरंच बघवत नाही.

"तेव्हापासून लंकेचा मार्ग बंद" हेही चूक. धनुष्कोडीची लाईन परत टाकली नाही, पण रामेश्वरहून तलाईमन्नारला बोट नंतरही जायची, ती थांबली १९८० च्या दशकात, तिकडे यादवी पेटल्यावर. आणि बोट मेल आजही एग्मोर ते रामेश्वर धावते, नवा पांबन पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, आता त्यावरून.