हेल्मेटची सक्ती कासार्तेल्लीच्या मृत्यूनंतर झाली नव्हती

‘१९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबिओ कासार्तेल्ली गेला आणि लगेच व्यावसायिक सायकलपटूंना हेल्मेट सक्तीचं झालं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा चूक.

कासार्तेल्ली हा १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीज पर्वतातला पोर्ते दास्पे घाट उतरताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुणीही शर्यत केली नाही. सगळे संथ चालले आणि शेवटी त्याच्या मोटोरोला संघातल्या सोबत्यांना एका रांगेत पुढे जाऊ दिलं. पण नियम मात्र बदलला नाही.

खरं तर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९१ मध्येच सक्ती करून पाहिली होती. पॅरिस-नीस शर्यतीत सायकलपटूंनीच विरोध केला आणि नियम मागे घ्यावा लागला. उकाडा आणि चढावरचा त्रास ही त्यांची कारणं. मला ती आजही पटत नाहीत.

सक्ती आली २००३ मध्ये. त्या मार्चमध्ये पॅरिस-नीसमध्येच कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला, तोही हेल्मेटविना, आणि दुसऱ्या दिवशी गेला. मे महिन्यात नियम लागू झाला. तरीही शर्यत लांब चढावर संपणार असेल, तर पायथ्याशी हेल्मेट काढायची मुभा सुरुवातीला होतीच.

म्हणजे दोघांच्या मृत्यूंत जवळपास आठ वर्षं गेली. तो मजकूर पुढे पाठवताना किविलेव्हचं नाव कृपया गाळू नका.