मानपानाचे चार जीबी

पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ साडेसहा जीबींचा. ‘आमच्या ॲपमधूनच उतरवून घ्या’ असा फोटोग्राफरचा हुकूम. ते ॲप कॉम्प्युटरवर टाकलं, आत्याने आणलेला ३२ जीबींचा कोरा पेन ड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत ऐटीत जायची आणि मग: ‘काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं, कुणाचं चुकलं, पत्ता नाही.

शेजारच्या खुर्चीत आत्या.

“किती झाल्यावर अडकतंय रे?”

“अर्ध्याच्या थोडं पुढे.”

“म्हणजे विहिणीची पंगत. तिथेच मला जिलबी विचारली नव्हती. मुलाकडची असून! मुलीकडच्यांनी तेवढं कापायला लावलं असणार.”

“आत्या, तांत्रिक अडचण आहे गं.”

“मंगलाष्टकांना नाही आली, सप्तपदीला नाही आली, नेमकी माझ्या पानापाशी आली?”

मी राउटर बंद-चालू करेपर्यंत तिने धाकट्या काकूला साक्षीसाठी फोन लावला, तोही स्पीकरवर. काकू म्हणाली, “मला तर दोनदा वाढली जिलबी.” आत्याने फोन ठेवला. आता काकूशी अबोला आहे आणि त्याचं खापर माझ्या इंटरनेटवर.

अँटिव्हायरस थांबवला, वायफाय सोडून केबल लावली. ॲपच्या मदतकेंद्राने ‘आपला वेग तपासा, सर’ असं कळवून तक्रार परस्पर मिटवूनही टाकली. शेवटी पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. फाइल सिस्टम: फॅट ३२. ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची, विंडोज ९५ च्या काळातली, १९९६ची व्यवस्था. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे एक फाइल फार तर ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्हवर २८ जीबी मोकळे असले तरी पाच जीबींची एक फाइल तिथे बसत नाही.

हे मला कळायला दुपार गेली. ॲपला फाइलचा आकार पहिल्या सेकंदाला ठाऊक होता. हीच फाइल आपण हाताने कॉपी करायला गेलो, तर विंडोज सुरुवातीलाच सांगतं की एवढी मोठी फाइल इथे मावणार नाही. हे साहेब मात्र चार जीबी गिळून, माझा डेटा संपवून ‘काहीतरी चुकले’ म्हणतात. गुळगुळीत बटणं, लग्नाच्या पत्रिकेसारखा सोनेरी फॉन्ट, सगळ्याला वेळ मिळाला. एक खरं वाक्य लिहायला कुणाला मिळाला नाही.

ड्राइव्ह एनटीएफएस केला, म्हणजे मोठ्या फाइली मावणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेत बदलला. फाइल एका दमात उतरली. आत्या तो घेऊन घरी गेली आणि अर्ध्या तासात तिचा फोन. तिचा जुना टीव्ही तो ड्राइव्ह ओळखतच नाही. त्याला फॅट ३२च लागतो.

फोटोग्राफरला विचारलं, तर म्हणे दोन तुकडे करून देऊ, एडिटिंगचे वेगळे पैसे पडतील. मी आत्याला कळवलं.

“दे पैसे,” ती म्हणाली. “पण पंगतीच्या मधोमध कापू नको म्हणावं. जिलबीचं ताट अख्खं दिसलं पाहिजे.”