लाडांनी नाही झालं हे, काका!

काका, नमस्कार. तुम्ही सत्तरीचे आहात असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते.

माझ्या लेकीला सीएएच (कॉन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया) हा हार्मोन्सचा जन्मजात आजार आहे. तिच्या मुलग्यांसारख्या खेळण्यामागे हार्मोन्सचाही हात आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: "पोरीचे लाड करायचे आणि नाव हार्मोन्सचं पुढे करायचं. आमच्या पुतणीलाही हाच सीएएच आहे, दोन धपाटे दिले की सरळ वागते. तुम्ही काही डॉक्टर नाही, आणि हे अभ्यास मूठभर पोरींवरचे." शिवाय टर्नर सिंड्रोमवरून (मुलींमध्ये एक X गुणसूत्र नसल्यामुळे किंवा अपुरं असल्यामुळे होणारा विकार) एक टोमणा.

अभ्यासांतले गट लहान असतात, हे तुमचं खरं आहे. साधारण 15,000 जन्मांमागे एक असा हा आजार, मोठे गट मिळणार कुठून? तेवढं मान्य करून पुढे जाते.

"लाड" मात्र मला लागलं. तुम्ही मुद्दा मांडला असतात तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही आमच्या घराचा उंबरा न ओलांडता घराचा निकाल लावलात. इंदूरच्या मराठी माणसांत अशी भाषा मी तरी ऐकत आलेले नाही.

आता लाड कधी सुरू झाले ते सांगते. सीएएचमध्ये जनुकातल्या दोषामुळे 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम नीट काम करत नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीला पुरेसं कॉर्टिसॉल (शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन) बनवता येत नाही, मेंदूकडून "अजून बनव" असा निरोप येत राहतो आणि अडलेला कच्चा माल अँड्रोजेनकडे, म्हणजे पुरुषी हार्मोन्सकडे, वळतो. हे सगळं पोटातच घडतं. मूल माझ्या मांडीवर येण्याआधी अनेक महिने त्या अँड्रोजेनमध्ये वाढलेलं असतं. माझी लेक दुसऱ्या आठवड्यात उलट्या करून निपचित पडली, शरीरातलं मीठ घसरलेलं. लाड करायला आमच्या हातात तेव्हा बाळ राहील की नाही, हेच कळत नव्हतं.

पुढे सासूबाईंनी हौसेनं राजवाड्याजवळून लाकडी भातुकली आणली. मी स्वतः रोज तिच्यासमोर मांडून बसायची. ती त्यातली भांडी भावाच्या ट्रकमध्ये भरायची आणि गच्चीवर फिरवायची. तिला बाहुलीकडे वळवायला घरातल्या प्रत्येकानं जीव टाकला, काका. त्याच घरातली, त्याच हातांनी वाढलेली तिची धाकटी बहीण दिवसभर बाहुलीच्या वेण्या घालायची.

एका घरावरून सिद्ध होत नाही म्हणाल, तर बेरेनबॉम आणि हाइन्स या संशोधकांचा 1992 चा अभ्यास आहे. सीएएच असलेल्या मुली नात्यातल्या निरोगी मुलींपेक्षा मुलग्यांच्या खेळण्यांशी जास्त वेळ खेळल्या. आणि तुमच्या आरोपाला थेट उत्तर 2005 चं, पास्टर्स्की, हाइन्स आणि सहकाऱ्यांचं. त्यांनी आईबाप काय करतात तेच पाहिलं. मुलींच्या खेळण्यांशी खेळल्याबद्दल या मुलींना निरोगी बहिणींपेक्षा जास्त शाबासकी मिळत होती. आईबाप उलट दिशेला ओढत होते, तरी ओढा तसाच राहिला.

हार्मोन्स सगळं ठरवतात असं मी कुठेही लिहिलेलं नाही. खेळाची आवड, धसमुसळेपणा, पुढे विषयांचा कल, इथे फरक दिसतो. यातल्या बहुतेक मुली स्वतःला मुलगीच मानतात, माझीही मानते. तिला वळण नाही असं म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

टर्नरबद्दल मूळ लेख पुन्हा वाचा. त्या मुलींची भाषा चांगली असते, नकाशे आणि गणित अडतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिल्यावर कामाचा वेग सुधारल्याचं दिसलंय, पण सगळ्या अडचणी त्यानं जात नाहीत, हे तिथे स्वच्छ लिहिलंय.

डॉक्टर मी नाही. वेळच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन (कमी पडणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जागी द्यायची गोळी) देणारी आई आहे, आणि म्हणूनच तुमच्या पुतणीची काळजी वाटते. तिच्या आईला एवढं विचारा: तापात किंवा मार लागल्यावर गोळीचा डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का? उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर द्यायचं इंजेक्शन घरात आहे का? नसेल तर याच आठवड्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, न्या. आणि गोळी कुणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नका. आणि तिच्यावर हात उगारू नका, काका.