पूलमधला प्रत्येक काळा डाग शेवाळ नसतो

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मथितार्थ असा: ‘स्विमिंग पूलमधले काळे डाग म्हणजे काळं शेवाळ. रात्री दुप्पट क्लोरीन मारा, सोबत मोरचूद टाका. तरी गेलं नाही, तर पूल रिकामा करून ॲसिडनं धुवा.’ गेल्या मे महिन्यात आमच्या कमिटीनंही हेच प्रमाण मानलं. पूल बघायचं काम माझ्या गळ्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘काळं म्हणजे शेवाळ’ हेच बघू. काळं शेवाळ ठिपक्यांनी येतं. ठिपका किंचित उंचवट्याचा असतो, बोटाला बुळबुळीत लागतो, आणि घासला की बोटावर काळपट हिरवं उतरतं. जांभळाची किंवा बदामाची पानं तळाशी कुजली, तर त्यांचा नुसता रंग उतरतो. बोटाला काहीच लागत नाही. लोखंड, मँगनीज, तांबं यांचे डागही असेच सपाट. एकाच जागी तपकिरी ठिपका पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर आत काँक्रीटमधली सळई गंजते आहे का, ते बघावं लागतं.

दुप्पट क्लोरीन आम्ही मारलं. सकाळी बघतो तर खोल बाजूच्या टाइल्सवरचा चहासारखा डाग आणखी गडद! कारण साधं होतं: टंचाईत पूल बोअरच्या पाण्यानं भरला होता. त्या पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीननं त्याचा गंज होतो आणि तो टाइल्सवर बसतो. म्हणजे औषध म्हणून जे ओतलं, त्यानंच डाग पक्का केला.

मग केमिस्टकडून व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. (मी आणल्या त्या संत्र्याच्या रंगाच्या, तुम्ही पांढऱ्या आणा, नाहीतर डाग गेला की रंग लागला तेच कळत नाही.) पाण्याखाली एक गोळी डागावर मिनिटभर दाबून धरली. काढली तेव्हा गोळीच्या आकाराचा स्वच्छ पांढरा गोल! असं झालं की डाग धातूचा, बहुधा लोहाचा. गोळीनं फरक पडला नाही आणि क्लोरीनची गोळी काही मिनिटं टेकवल्यावर डाग फिका झाला, तर तो पानांचा किंवा शेवाळाचा. दोन्ही चाचण्या एकाच जागी लागोपाठ करू नका, आणि रंग दिलेल्या किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पूलमध्ये क्लोरीनची गोळी टेकवूच नका. आणखी एक: व्हिटॅमिन सीनं सुटलेलं लोह पाण्यातच राहतं. धातू धरून ठेवणारं रसायन घातलं नाही, तर क्लोरीन वाढवताच डाग परत हजर.

शिडीमागच्या सांध्यात मात्र गोळीचा ढिम्म परिणाम नाही. तिथं बोट बुळबुळलं. तेच खरं काळं शेवाळ. शास्त्र त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतं. त्याच्यावर चिकट आवरण असतं, त्यामुळे क्लोरीन वरचा थर मारतं आणि सांध्यात रुतलेलं आतलं जिवंत राहतं. म्हणून आधी घासायचं, मग क्लोरीन. टाइल्सना कडक नायलॉनचा ब्रश, सिमेंटच्या पूलला स्टेनलेस स्टीलचा. साध्या तारेचा ब्रश घेतलात, तर त्याचे तुटलेले तुकडे तळाशी गंजून नवे डाग देतात.

मोरचुदाचं काय? बोर्डो मिश्रणामुळे (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) आपल्याला तो ओळखीचा, शेवाळही मारतो. पण तो तांब्याचाच क्षार. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढला की तांबं बाहेर पडून भिंतीवर हिरवट, करडा, कधी काळा डाग पाडतं. काळा डाग घालवायला काळा डाग पाडणारी वस्तू! पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखणं जास्त उपयोगाचं.

ॲसिड सिमेंट आणि टाइल्समधला सांधा खातं. त्या खळग्यांत शेवाळाला पक्कं घर मिळतं. शिवाय ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो. आणि पावसाळ्यात पूल रिकामा करण्याचा विचारही नको. जमिनीखालच्या पाण्याच्या दाबानं रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते.

आमच्या टाइल्सवरचं लोह गेलं. शिडीमागचे दोन ठिपके अजून आहेत. ब्रश तिथंच अडकवून ठेवलाय.