चालढकल म्हणजे आळस नव्हे

‘चालढकल म्हणजे निव्वळ आळस. स्वतःला फैलावर घ्या, कडक वेळापत्रक लावा. नाहीतरी शेवटच्या क्षणी दबावाखालीच उत्तम काम होतं,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. वर्षानुवर्षं या सवयीत अडकलेल्यांचं यानं नुकसान होतं, म्हणून हे उत्तर.

आधी आळसाबद्दल. आळशी माणसाला काम राहिल्याची टोचणी नसते. चालढकल करणारा मात्र अहवाल लिहायचा सोडून कपाट आवरतो, जुने ईमेल निपटतो आणि दिवसभर मनात कुढतो. कष्टाला तो मागे हटत नाही. काम समोर आलं की जी भीती, कंटाळा किंवा ‘मला जमेल का’ ही शंका दाटून येते, तिच्यापासून तो पळतो. काम बाजूला सारताच क्षणभर हायसं वाटतं, आणि नेमकं तेच सवयीला खतपाणी घालतं. मानसशास्त्रज्ञ सिरॉइस आणि पिचिल यांनी 2013 मध्ये हीच मांडणी केली. संशोधक पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये आधीच्या अभ्यासांचा जो मोठा आढावा घेतला, त्यातही कामाची नावड, उतावळेपणा आणि आत्मविश्वासाची कमतरता यांच्याशी चालढकलीचा ठळक संबंध दिसला.

मग फैलावर घेऊन काय साधणार? त्या कामाला अपराधीपणाही चिकटतो आणि ते आणखी नकोसं होतं. 2010 च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली.

दबावाचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ टाइस आणि बॉमाइस्टर यांनी 1997 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास पाहा. चालढकल करणारे सत्राच्या सुरुवातीला निवांत होते, पण शेवटी त्यांचा ताण आणि आजारपणं इतरांपेक्षा वाढली, गुणही कमी पडले.

वेळापत्रक वाईट नाही, पण नुसतं ‘उद्या लिहीन’ पुरत नाही. ‘चहा झाला की फाइल उघडून पहिला परिच्छेद लिहीन’ असं कधी आणि काय ते ठरलेलं हवं, आणि पहिला टप्पा इतका छोटा हवा की त्याची धास्तीच वाटू नये. एवढ्यानं भागत नसेल, तर बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) उपयोग होतो. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड करणारी अवस्था) किंवा नैराश्यातही अशीच टाळाटाळ दिसते. तेव्हा नोकरी, शिक्षण, नाती यांवर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. मुळाशी नैराश्य असेल, तर आधी उपचार त्याचे व्हायला हवेत.