पशुवैद्य निवडताना पैशांचे बोलणे आधी व्हावे

कुत्रा किंवा मांजर पाळण्याच्या विचारात असलेले परिचित मला हमखास दोन प्रश्न विचारतात. आपल्या भागात चांगला डॉक्टर कोण, आणि तो फार पैसे तर काढत नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी स्वतःलाही विचारत नाही. या प्राण्यासाठी नियमितपणे किती खर्च आपल्याला झेपेल, अचानक मोठे दुखणे आले तर कुठवर जाता येईल, आणि हे आपण त्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणार आहोत का? पशुवैद्य आणि पालक यांच्यात जो कडवटपणा येतो, त्याचे मूळ फी किती आहे यापेक्षा फीविषयी वेळेवर न बोलण्यात अधिक असते, असे माझे मत बनले आहे.

माणसाच्या आजारपणात मेडिक्लेम असतो, सरकारी योजना असतात. प्राण्याच्या बाबतीत जवळजवळ सगळा खर्च खिशातून आणि बहुधा त्याच दिवशी करावा लागतो. त्यामुळे एकाच आजारासाठी पशुवैद्याला दोन-तीन वेगवेगळे मार्ग मनात ठेवावे लागतात. आपली ऐपत आपण सांगितली नाही, तर तो अंदाज बांधतो. आपल्या कपड्यांवरून, गाडीवरून, कुत्र्याच्या जातीवरून. अंदाज खाली गेला तर आवश्यक तपासणी न सुचवता एखादे इंजेक्शन देऊन आपली बोळवण होते आणि वर गेला तर यादीतील प्रत्येक चाचणी आपल्या माथी येते. दोन्हीत नुकसान प्राण्याचेच.

गोचीड तापाचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्या घराला त्याची ओळख आज ना उद्या होतेच. कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या फिकट दिसू लागतात. गोचिडीतून येणारे जंतू एकाच प्रकारचे नसतात. त्यांतल्या एर्लिकिया या जंतूवर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण चार आठवडे द्यावे लागते, तर बबेसिया या दुसऱ्या जंतूला ते पुरत नाही, त्याची औषधे वेगळी असतात. अशा वेळी रक्ताची साधी तपासणी, म्हणजे प्लेटलेटसह सीबीसी आणि काचपट्टीवर पाहिलेला रक्ताचा नमुना, ही काही शे रुपयांत होते आणि पुष्कळ काही सांगून जाते. झटपट किटवर प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी, दिसली तरी ती पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाचीही असू शकतात. थेट जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी अधिक नेमकी असते, पण महाग असते. रोज सलाइन आणि अँटिबायोटिक देत 'बघू या' म्हणत तीन-चार दिवस काढले, तर तेवढ्याच पैशांत तपासणी झाली असती हे नंतर लक्षात येते.

म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारते: या तपासणीचा निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे, की निकालावरून तो बदलणार आहे? उपचार बदलणार असतील तर तपासणी करायचीच. बदलणार नसतील तर ती आज का हवी, एवढे डॉक्टरांनी समजावून द्यावे. ज्या डॉक्टरांना हा प्रश्न म्हणजे आपल्यावरचा अविश्वास वाटतो, त्यांच्याकडे मी पुन्हा जात नाही, मग त्यांचे नाव कितीही मोठे असो.

दुसरा प्रश्न मोठ्या आजारासाठी राखून ठेवावा. याहून कमी खर्चाचा मार्ग कोणता, आणि त्यात किती जोखीम वाढते? हे विचारण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजारावरील एक अभ्यास यासाठी सांगण्यासारखा आहे. पिल्लाला पार्व्हो झाला की दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाइन देणे हा सर्वमान्य उपचार, आणि त्याचे बिल सामान्य कुटुंबाला धडकी भरवणारे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यांनी आजारी पिल्लांचे दोन गट केले. सुरुवातीला सगळ्यांनाच शिरेतून सलाइन देऊन सावरले. त्यानंतर एका गटावर नेहमीप्रमाणे दाखल करून उपचार झाले, तर दुसऱ्या गटाला घरी करता येईल अशा पद्धतीने त्वचेखालून सलाइन, उलटी थांबवणारे औषध आणि दीर्घकाळ टिकणारे अँटिबायोटिक देण्यात आले. पहिल्या गटातील ९० टक्के पिल्ले वाचली, दुसऱ्या गटातील ८० टक्के. अभ्यास लहान होता, प्रत्येक गटात २० पिल्ले, आणि दुसऱ्या गटावरही दिवसातून अनेकदा बारीक लक्ष होते. त्यामुळे घरी उपचार म्हणजे घरी सोडून देणे असा अर्थ कोणी काढू नये. परंतु सर्वोत्तम उपचार परवडत नाही म्हणून काहीच न करता परत जाणे आणि कर्ज काढून सर्व काही करणे, या दोन टोकांच्या मध्ये विचारपूर्वक आखलेला मार्ग असू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते. हा मधला मार्ग आपणहून मांडणारा पशुवैद्य मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

आता निवडीविषयी. समोरची व्यक्ती खरोखर पशुवैद्य आहे ना, हे आधी पाहावे. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण पेट शॉपवाले, ग्रूमिंग करणारे आणि पिल्ले विकणारे 'डोस' देताना मी पाहिले आहेत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. पशुवैद्यकातील पदविकाधारकांना राज्य शासनाच्या आदेशाने काही किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांची असते. लसीकरणाच्या पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचे बॅच नंबर असलेले लेबल, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात राहिलेली असावी लागते. दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमधून निघालेल्या स्वस्त लसीचा भरवसा कोण देणार? रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर प्राणी वाचत नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हा काटकसरीची ही जागा नव्हे.

प्राणी धडधाकट असतानाच पहिली भेट घ्यावी. लस किंवा जंतांचे औषध हे निमित्त पुरेसे आहे. डॉक्टर प्रत्येक वेळी वजन करतात का, हे मी सर्वप्रथम पाहते, कारण बहुतेक औषधांची मात्रा वजनावर ठरते. ते प्राण्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत हात लावून तपासतात का? केस पेपरवर औषधाचे नाव वाचता येईल असे लिहितात, की कागदाच्या पुडीत बिननावाच्या गोळ्या देतात? खाजेने हैराण झालेल्या कुत्र्याला दर वेळी स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन पाठवतात, की पिसवा, बुरशी, खाणे यांची चौकशी करतात? ते इंजेक्शन स्वस्त असते आणि गुणही तत्काळ येतो, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. खाजेचे कारण मात्र तसेच राहते आणि काही आठवड्यांनी आपण पुन्हा त्याच बाकावर बसलेले असतो. पार्व्होचा रुग्ण गेल्यावर टेबल आणि फरशी कशाने पुसतात, हेही विचारावे. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागते. रात्री काही झाले तर काय करायचे, याचे उत्तर डॉक्टरांकडे तयार असावे. स्वतः रात्री येत नसतील तर हरकत नाही, पण कोठे जायचे ते त्यांना सांगता यायला हवे. आणि 'हे माझ्या आवाक्यातले नाही, अमुक ठिकाणी न्या' असे ज्यांना म्हणता येते, त्यांना धरून राहावे.

वातानुकूलित प्रतीक्षागृह हा गुणवत्तेचा पुरावा नाही, तसा तो लुटीचाही पुरावा नाही. नसबंदीचे दर विचारायला लोक चार ठिकाणी फोन करतात आणि सर्वांत कमी आकडा निवडतात. पण एका दरात आधीची रक्ततपासणी, गॅसची भूल, शस्त्रक्रियेदरम्यान हृदयगतीवर लक्ष ठेवणारे यंत्र, वेदनाशामक आणि टाके काढण्यापर्यंतच्या भेटी धरलेल्या असतात, तर दुसऱ्यात केवळ शस्त्रक्रिया असते. दरात नेमके काय आले ते विचारल्याशिवाय तुलना होऊच शकत नाही. नसबंदीचा खर्च जड वाटला तरी तो टाळू नये, असे मी आग्रहाने सांगते. नसबंदी न केलेल्या मादीला मध्यम वयानंतर गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका राहतो. तेव्हा तीच शस्त्रक्रिया तापाने फणफणलेल्या, विषबाधा झालेल्या शरीरावर, तातडीने आणि कितीतरी पट खर्चात करावी लागते.

खर्चाचा सर्वांत मोठा निर्णय मात्र डॉक्टर निवडण्याच्याही आधी होऊन गेलेला असतो, तो म्हणजे कोणता प्राणी घरी आणला. गोचिडींची गोळी वजनाच्या गटाप्रमाणे मिळते, अँटिबायोटिक किलोच्या हिशेबाने, भुलीचे औषधही तसेच. पस्तीस किलोच्या लॅब्राडोरचा आणि पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याचा आजार एकच असला तरी औषधांची बिले एक होत नाहीत. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, चपट्या नाकाच्या पगला श्वासाचा त्रास असतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हस्की पाळणाऱ्यांविषयी मी येथे काही न लिहिणेच सभ्यपणाचे ठरेल. आपल्या हवेत शतकानुशतके तगलेला गावठी कुत्रा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत समंजस निवड आहे.

बचतीच्या नावाखाली घरातल्या औषधांचा डबा उघडणे हा एक जीवघेणा प्रकार आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्याचप्रमाणे बोका लघवीला बसतो आहे पण होत नाही, असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दिवस-दोन दिवसांत तो दगावू शकतो.

ज्यांना खासगी दवाखाने परवडत नाहीत, त्यांच्यासाठी पर्याय आहेत, पण ते आधी पाहून ठेवावे लागतात. परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांना शिकवण्यासाठी रुग्ण लागतातच, त्यामुळे तेथे चिकित्सालये आहेत. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचे सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. सरकारी ठिकाणी गर्दी असते, वेळा ठरलेल्या असतात, आणि शिकाऊ डॉक्टर आपल्या कुत्र्याभोवती जमले की काहींना ते आवडत नाही. मला त्यात वावगे दिसत नाही; शेजारी अनुभवी प्राध्यापक उभे असतात. ठरवून करायची शस्त्रक्रिया, सोनोग्राफी, दुसऱ्या डॉक्टरांचे मत यांसाठी तेथे जावे आणि तातडीसाठी घराजवळचा दवाखाना ठेवावा, अशी विभागणी मला सोयीची वाटते. १९६२ या फोन क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहेत, त्यांच्यावर शहरी पाळीव प्राण्यांचा भार टाकू नये.

विम्याविषयी थोडक्यात सांगते. न्यू इंडिया अॅश्युरन्ससारख्या कंपन्यांकडे कुत्र्यांचा विमा मिळतो, बजाज अलियान्झनेही २०२० मध्ये तो आणला. वयाची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ, आधीपासून असलेले आजार आणि लसीकरणाच्या नोंदी यांविषयीच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. ज्यांना त्या जाचक वाटतील, त्यांनी प्राण्याच्या नावाने वेगळे आवर्ती ठेव खाते उघडावे. बिल तपशीलवार मागावे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, ग्रूमिंगवर मात्र आहे, त्यामुळे दोन्ही एकाच रकमेत मिसळलेले असतील तर वेगळे करून घ्यावे.

आणि पैशांविषयी मोकळेपणा मागायचा, तर तो दोन्ही बाजूंनी हवा. 'मुक्या जिवाची सेवा आहे, पैसे कसले घेता' हे वाक्य पशुवैद्यांना जितक्या वेळा ऐकावे लागते, तितके ते माणसांच्या डॉक्टरांना ऐकावे लागत नाही. भाडे, एक्स-रेचे यंत्र आणि मदतनिसांचे पगार सेवाभावातून भागत नाहीत. उपचार झाल्यावर घासाघीस करण्यापेक्षा आधी अंदाजपत्रक मागावे, ते ओलांडले जाणार असेल तर फोन करून विचारावे अशी विनंती करावी, आणि मान्य केलेली रक्कम वेळेवर द्यावी. रात्री अकरा वाजता शीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून जो सल्ला आपण घेतो, तीही तपासणीच आहे. पुढच्या भेटीत त्याची फी किती झाली ते आपणहून विचारावे.